पानाबाहेरचा भात

आमची मांजर चाटून चाटून स्वतःला सोलत होती, आणि त्याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे बाबांना. घरात मी, बाबा आणि मैना एवढेच. त्यात मैना मांजर, आणि माझं मत कुणी विचारत नाही. त्यामुळे बाबांचं मत हेच बहुमत.

"तिने वासंतीचं मनाला लावून घेतलंय," बाबा म्हणाले. "मुकं जनावर आहे. रडता येत नाही, म्हणून चाटते."

वासंती म्हणजे माझी आई. गेल्या गणपतींनंतर गेली. सकाळी दूध तापवलं, मला डबा भरून दिला, आणि मी खराडीच्या ऑफिसात पोचायच्या आत शेजाऱ्यांचा फोन आला. आजारपण नाही, दवाखाना नाही, "येते" म्हणून सांगणं नाही. मला अजून तिचा राग येतो. माणसाने जरा तरी कल्पना द्यावी की नाही?

मैनाचं सुरू झालं ते दिवाळीच्या आसपास. आधी पोट, मग मांड्यांची आतली बाजू, मग पुढचे पाय. मऊ पांढऱ्या केसांच्या जागी गुलाबी, उघडी कातडी. टीव्ही बंद असला की तिच्या खरखरीत जिभेचा आवाज शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सगळीकडे ऐकू यायचा. मी ओरडले की थांबायची, माझ्याकडे बघायची आणि पुन्हा सुरू.

बाबा ओरडायचे नाहीत. ते तिच्याशेजारी सतरंजीवर बसायचे आणि हळू आवाजात बोलायचे. "बघ बाई, मला निदान गप्प बसता येतं. तू असं अंगावर काढू नकोस." हे आमचे बाबा! दिगंबरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, ज्यांनी आयुष्यात मला "जेवलीस का" याच्यापलीकडे काही विचारलं नाही. आई गेल्यावर ते रडले नाहीत. तेराव्याला लोक आले, गेले. बाबा खुर्चीत ताठ बसून "या", "बसा", "निघालात?" एवढंच म्हणत होते. नंतर बोलणंच बंद झालं. बोलायचे ते फक्त मैनाशी, आणि तेही ती चाटायला लागल्यापासून. आपल्यासारखंच आणखी कुणाचं तरी झालंय, एवढा एक आधार त्यांना मिळाला होता. मैनाला काही झालं तर बाबा टिकणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी तिला उचलून डॉक्टरकडे नेलं. मांजरप्रेम वगैरे म्हणू नका. ती मला अजून चावते.

डॉक्टर प्रियदर्शनी माझ्याहून लहान, पण बाई खमकी. तिने आधी कातडी खरवडून तपासली, मग रक्त, मग बुरशी. सगळं नीट निघालं. "आता दोनच गोष्टी उरतात," ती म्हणाली. "एक तर मनाचं काहीतरी, नाहीतर खाण्यातलं काही सोसत नाहीये. आधी खाणं बघू. आठ आठवडे हे एकच खाणं द्यायचं. दुसरं कणभरही नाही. एक घास चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात. दूध देता?"

"छे हो. आई देऊच द्यायची नाही. हिला सोसत नाही म्हणायची."

"मासे? चिकन?"

"आमच्या घरात?" मी म्हटलं.

तिने हसून एक पिशवी पुढे केली. तिच्यावरची किंमत वाचून मला वाटलं, दशांश चिन्ह पुसलं गेलंय. तेवढ्यात आम्ही बापलेक महिनाभर जेवलो असतो, तेही अधूनमधून श्रीखंड खाऊन. पुढे त्या पिशव्या येत राहिल्या, तपासण्या होत राहिल्या, रिक्षावाले मांजर बघून जास्त मागत राहिले, आणि मी स्कूटरसाठी ठेवलेली एफडी मोडली. बाबांना सांगितलं तेव्हा वाटलं, आता व्याख्यान ऐकावं लागणार. कोथिंबिरीच्या जुडीवरून मंडईत अर्धा तास हुज्जत घालणारा माणूस हा. पण ते एवढंच म्हणाले, "लागतील तेवढे घाल. माझं पेन्शन आहे. हिला बरं वाटलं पाहिजे."

गळ्यात घालायला प्लास्टिकचा कोन मिळाला होता. तो घातला की मैना भिंतींवर आपटत फिरायची. मग एके दिवशी बाबांनी आईच्या कपाटातून तिचं एक सुती पोलकं काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "याची बाही काप. तिच्या अंगात बसेल. वासंतीचा वास आहे, शांत होईल." मला कात्री चालवता येईना. शेवटी त्यांनीच कापली, वाकडीतिकडी, आणि मी पायांसाठी भोकं पाडून शिवली. मग निळ्या बुट्ट्यांची बाही घालून मैना घरभर हिंडायला लागली. मला ते बघवत नसे. बाबांना मात्र बरं वाटायचं.

आठ आठवडे झाले. एक केस उगवला नाही.

"म्हणजे मनाचंच," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात, खोटं कशाला सांगू, थोडं समाधान होतं.

मग मनाचे उपाय झाले. भिंतीत लावायचं वासाचं यंत्र, शांत करणाऱ्या गोळ्या, त्या गोळ्या तिच्या घशात उतरवताना माझ्या हातावर उमटलेले ओरखडे. काही उपयोग नाही. मांडीला जखम झाली, तिच्यात पू झाला. तेव्हा डॉक्टरने नाइलाजाने स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सात-आठ दिवस चाटणं थांबलं. बाबांनी त्या दिवसांत शेजारच्या काकांना स्वतःहून हाक मारून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. मग पुन्हा खरखर सुरू. पुन्हा इंजेक्शन. त्यानंतर मैना वाटीच्या वाटी पाणी पिऊ लागली, आणि रक्त तपासलं तर साखर वाढलेली.

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "स्टेरॉइड आता देता येणार नाही. तेही दिलं नाही, तर ही अंग फाडून घेईल. तनयाताई, हिला असं किती दिवस ठेवायचं, याचाही विचार आता करावा लागेल."

मला काय ते कळलं. मी मैनाच्या पिंजऱ्याची कडी उगाच लावत आणि काढत राहिले.

"मला अजून एक शंका आहे," ती म्हणाली. "रागावू नका. घरात कुणीतरी हिला काहीतरी घालतंय."

आता मला राग यायला कारण लागत नाही, हे ऑफिसात विचारा कुणालाही. मी घरी आले आणि चपलासुद्धा न काढता बाबांपुढे उभी राहिले. "बाबा, खरं सांगा. तुम्ही मैनाला काय घालता?"

"काही नाही."

"दूध? साय? बिस्किट?"

"एकदा सांगितलं ना? तुझ्या त्या सोन्याच्या गोळ्यांशिवाय काही घालत नाही मी."

"मग ती डॉक्टर खोटं बोलते?"

बाबा उठले आणि देवापुढे गेले. तिथे आईचा फोटो आहे. त्याच्यापुढे उभं राहून म्हणाले, "वासंतीची शपथ. माझ्या हाताने मी त्या जनावराला काहीही भरवलेलं नाही. झालं समाधान?" मी मान खाली घातली. बाबा खोटं बोलत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे. त्यापायी खात्यात त्यांची बढती अडली होती.

मग उरल्या सुशीलाबाई. आई गेल्यापासून त्या दोन्ही वेळचा स्वयंपाक करून जायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना धरलं. मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण शेजारच्यांनी दार किलकिलं केलं होतं. सुशीलाबाईंनी लाटणं पोळपाटावर ठेवलं. "ताई, इतकी वर्षं घरोघरी जाते, चिमूटभर मिठाचा आळ नाही आला कधी. तुमच्या मांजराला घालायला माझ्याजवळ जास्तीचं नाही हो. सांभाळा तुमचं." अर्धी कणीक तशीच टाकून त्या कसबा पेठेत आपल्या घरी निघून गेल्या. आमचा स्वयंपाक गेला, आणि मैना बाही वर सारून पोट चाटत बसली होती.

म्हणून मला त्या आठवड्यात घरून काम घ्यावं लागलं, आणि म्हणून कितीतरी दिवसांनी दुपारी बाबांचं पान मी वाढलं. रात्री ते भात खात नाहीत, दुपारी मी घरी असते ती फक्त रविवारी, आणि रविवारी मी उठते तेव्हा बाबांचं जेवण उरकलेलं असतं.

बाबा अजून पाटावर मांडी घालून जेवतात. टेबल आहे, त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असते. मी भात वाढला, वरण घातलं. तूप त्यांनी स्वतःच वाढून घेतलं. विकतचं तूप त्यांना चालत नाही. आई कढवायची, आता ते कढवतात, आणि गाळायचा कंटाळा करतात. त्यामुळे तुपात बेरीचे काळपट कण. ते त्यांनी भातावर सढळ हाताने ओतलं. मग तळहातावर पाणी घेऊन पानाभोवती फिरवलं, आणि उजव्या बाजूला फरशीवर तूपभाताचे पाच छोटे घास एका ओळीत ठेवले. चित्राहुती. जेवणाआधी चित्रगुप्त, यम आणि सगळी भूतमात्रं यांच्या नावाने काढून ठेवायचा वाटा. हे मी जन्मापासून बघत आलेय. बघत आलेय म्हणजे काय, आपल्या घरातला पंखा आपण बघतो तसं.

बाबांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

मैना आतल्या खोलीतून आली. घाई नाही, चोरटेपणा नाही. रोजच्या जागी येऊन बसावं तशी बसली, आणि पहिल्या घासापासून सुरुवात करून पाचही चाटून पुसून खाल्ले. फरशी अशी लख्ख झाली, की सुशीलाबाईंनाही तशी करता आली नसती. मग ती भिंतीशी जाऊन बसली आणि पोट चाटायला लागली.

बाबांनी डोळे उघडले. पानाबाहेर बघितलंसुद्धा नाही. जेवायला लागले.

माझ्या हातात पळी होती आणि ती खाली ठेवायचं मला सुचेना. आई डोळ्यांपुढे आली. बाबांच्या समोर बसून वाढणारी आई. एका हाताने पळी, दुसऱ्या हाताने मैनाला मागे सारणं चाललेलं. "हट्! तुझं नाही ते." बाबांचं जेवण झालं की ती ओल्या फडक्याने चित्राहुती उचलायची. रोज. ती गेली आणि उचलणारं कुणी राहिलं नाही. मैनाचं दुखणं आई गेल्यावर सुरू झालं, हे अगदी खरं होतं. फक्त त्यात मन कुठे नव्हतं.

क्षणभर वाटलं, बोलू नये. त्या वेळेपुरतं मैनाला कोंडावं, काहीतरी सबब सांगावी. पण मी रोज दुपारी घरी कुठे असणार? आणि खरं सांगायचं तर मोडलेली एफडी, ती इंजेक्शनं, ती साखर, सुशीलाबाईंना बोललेले शब्द, सगळं एकदम डोक्यात गेलं.

"बाबा! काय हे! रोज खाते ती हे?"

"काय?"

"चित्राहुती! तूपभात!"

"खात असेल," बाबा म्हणाले. "ते मी तिला घालत नाही. ते देवाला दिलेलं. दिलेल्याचं पुढे कोण काय करतं ते आपण बघायचं नसतं."

"देवाला नाही, यमाला देताय तुम्ही! आणि तो घेतोय!" मी ओरडले. "दूधदुभतं सोसत नाही तिला! आईला ठाऊक होतं, म्हणून ती हाकलायची. तुम्ही रोज बेरीसकट तूप खायला लावलंत तिला. आठ आठवडे ते महागडं खाणं आणि वर रोज हा नैवेद्य! ती शोक नव्हती करत, बाबा. तिला खाज सुटत होती. नुसती खाज!"

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांनी भिंतीशी बसलेल्या मैनाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे वासंती गेल्याचं तिला काहीच नाही?"

माझा राग जिथल्या तिथे विझला. जीभ झडली का नाही माझी, असं झालं. "मला तसं नव्हतं म्हणायचं," मी म्हटलं.

"नाही, तसंच आहे ते." त्यांनी घास पानात ठेवला, पानाला नमस्कार केला आणि उठले. अन्न टाकून उठलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हात धुऊन आले, मैनाला मांडीवर घेतलं, तिच्या अंगातली बाही सोडवली, घडी केली आणि आईच्या कपाटात ठेवून दिली.

त्या दिवसापासून चित्राहुती बंद झाल्या. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच बंद केल्या. जन्मभराचा नेम एका दुपारी सोडला. मी कसबा पेठेत जाऊन सुशीलाबाईंची माफी मागितली. त्यांनी मला दारातच बराच वेळ उभं ठेवलं, ते बरोबरच होतं. मग पगार वाढवून घेऊन परत आल्या. डॉक्टरने पुन्हा पहिल्यापासून आठ आठवडे सुरू केले, आणि साखरेसाठी मैनाला दोन वेळा टोचायला शिकवलं. "केस येतील," ती म्हणाली. "साखर उतरेलच असं नाही सांगत. इन्सुलिन कदाचित कायमचं लागेल." म्हणजे खर्चही कायमचा. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

केस आले. आधी पोटावर करडी लव, मग पांढरे, मऊ, दाट. जखम भरली. घरातली ती खरखर थांबली. आणि बाबांचं बोलणंही थांबलं. मैना पायांशी येऊन बसली तरी ते पेपर खाली घेत नसत. हिडीसफिडीस नाही, राग नाही. ओळखीचं माणूस चुकून दुसरंच कुणी निघावं आणि आपण ओशाळून नजर वळवावी, तसे तिच्याकडे बघायचे. मी इंजेक्शन टोचताना तिला धरायला मात्र न बोलता यायचे. मी काही विचारलं तर "हं". जेवण निम्म्यावर आलं. मांजर वाचवायला निघाले होते ती कुणासाठी, हे आठवलं की मला स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटायच्या.

मग एका रविवारी मी लवकर उठून पान वाढत होते तेव्हा बाबा म्हणाले, "तिला आत घाल. आज चित्राहुती घालतो."

मी मैनाला आतल्या खोलीत कोंडलं. बाबांनी पाणी फिरवलं, पाच घास ठेवले, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. जेवले, पान स्वच्छ केलं. मी फडकं घेऊन पुढे झाले तर त्यांनी हाताने थांबवलं. "मी उचलतो."

आई असेपर्यंत त्यांनी कधी स्वतःचं ताटही उचललं नव्हतं. गुडघ्यावर हात देऊन वाकले, पाचही घास बोटांनी गोळा करून तळहातावर घेतले आणि उठून स्वयंपाकघरात उभे राहिले. खिडकीकडे दोन पावलं गेले, थांबले. बेसिनकडे वळले, तिथेही थांबले. गॅलरीतल्या तुळशीकडे बघितलं.

"तनया," ते म्हणाले, "वासंती याचं काय करायची गं?"

मी तोंड उघडलं. खिडकीत कावळ्यांना ठेवायची? तुळशीत घालायची? की सरळ केराच्या बादलीत? ओलं फडकं, तिची वाकलेली पाठ, तिचं "हट्" हे सगळं मला दिसत होतं. त्याच्या पुढचं काही दिसेना. आम्ही दोघं तोवर हात धुऊन आपापल्या कामाला लागलेले असायचो.

"मला नाही माहीत, बाबा."

"तुलाही नाही?"

"नाही."

आतून मैना दार ओरबाडत होती. आता तिला विचारून काय उपयोग! तळहातावरच्या भाताकडे बघता बघता बाबांचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदा ते रडले. उभ्याउभ्या, मोठ्याने, भाताचा हात तसाच पुढे धरून. मी त्या हाताखाली माझा हात धरला. भात कुठे ठेवायचा, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं.